दोन रकान्यांत न मावणारी पेशी

राजुरा तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. अकरावीला पेशीचे प्रकरण आले की फळ्याच्या मधोमध उभी रेघ ओढायची, डावीकडे ‘आदिकेंद्रकी पेशी’ आणि उजवीकडे ‘दृश्यकेंद्रकी पेशी’ असे लिहायचे आणि त्याखाली एकेक फरक मांडत जायचे, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. डावीकडे केंद्रक नाही, उजवीकडे आहे. डावीकडे पटलाने वेढलेली अंगके, म्हणजे पेशीतले छोटे अवयव, नाहीत, उजवीकडे आहेत. डावीकडे प्रथिने विणणारे रायबोझोम ७० एस मापाचे, उजवीकडे ८० एस. विद्यार्थी तो तक्ता वहीत उतरवून घेत, परीक्षेत जसाच्या तसा लिहीत आणि गुण मिळवत. यंदाच्या श्रावणात एका मुलीने विचारलेल्या प्रश्नामुळे मला त्या तक्त्याकडे पुन्हा पाहावे लागले, आणि त्यातून जे हाती लागले ते इथे सविस्तर लिहून ठेवते आहे.

त्या मुलीच्या धाकट्या भावाला सिकलसेलचा आजार आहे. आमच्या भागात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. रक्ताची तपासणी, दुखण्याच्या लाटा आणि वेळी-अवेळी गाठावे लागणारे रुग्णालय हे अनेक घरांचे नेहमीचे झाले आहे. त्यामुळे तांबड्या रक्तपेशीविषयी तिला पुस्तकात आहे त्याहून अधिक ठाऊक होते. तक्ता उतरवून झाल्यावर ती उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते, तंतुकणिकाही नसतात. मग ती डाव्या रकान्यात जायला पाहिजे ना?” तक्ता पुढे ठेवला तर तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. चूक तक्त्यात होती, कारण त्यात डावा रकाना केवळ ‘नाही’ या शब्दावर उभा होता.

मी तिला सांगितले ते असे. तांबडी रक्तपेशी अस्थिमज्जेत तयार होते आणि तिथे तिला चांगले ठसठशीत केंद्रक असते. ती पक्व होत जाते तसतसे ते केंद्रक आक्रसते, पेशीच्या एका कडेला सरकते आणि अखेर पातळशा पटलात गुंडाळून बाहेर टाकले जाते. शेजारची भक्षक पेशी ते गिळून टाकते. त्यानंतरही एक-दोन दिवस त्या पेशीत थोडे रायबोझोम आणि ऊर्जा पुरवणाऱ्या काही तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) उरलेल्या असतात, मग तेही नाहीसे होतात. मागे राहते ती हिमोग्लोबिनने गच्च भरलेली, प्रद्रव्यपटलाखाली स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी असलेली, सुमारे १२० दिवस टिकणारी पेशी. तंतुकणिका नसल्यामुळे ती स्वतः वाहून नेत असलेला ऑक्सिजन स्वतःसाठी खर्च करीत नाही, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. ज्या पेशीजवळ एखादी गोष्ट मुळातच नव्हती ती पेशी आणि जिने ती गोष्ट वापरून, तिच्याकडून हवे ते करवून घेऊन मग टाकून दिली ती पेशी, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तिच्या भावाच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात त्याचे कारणही त्या टाकून दिलेल्या केंद्रकातच होते. तिथल्या एका जनुकात एका अक्षराची चूक होती, तिच्यामुळे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, आणि मूळ मजकूर फेकून दिल्यावरही त्याची चूक पेशीत राहिली.

मग खरा फरक कोणता? ‘आदिकेंद्रकी’ आणि ‘दृश्यकेंद्रकी’ ही विभागणी पहिल्यांदा एदुआर शातों या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये वापरली, परंतु ती बरीच वर्षे अडगळीत पडून होती. १९६२ मध्ये रॉजर स्टॅनियर आणि व्हान नील या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी जिवाणू म्हणजे नेमके काय, या प्रश्नाला हात घातला तेव्हा कुठे ती सर्वमान्य होऊ लागली. त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा आधार मिळाला होता, कारण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूच्या पोटात काय आहे आणि काय नाही हे सांगता येण्यासारखे नव्हते.

आमच्या प्रयोगशाळेतही तीच अडचण येते. सॅफ्रॅनिन लावलेला कांद्याचा पापुद्रा ४५० पट मोठा करून पाहिला की विटांच्या भिंतीसारख्या रचलेल्या लांबट पेशी आणि प्रत्येकीतला लालसर केंद्रकाचा ठिपका स्पष्ट दिसतो. त्याच सूक्ष्मदर्शकाखाली मिथिलीन ब्लू लावलेला दह्याचा थेंब ठेवला तर दिसतात त्या केवळ निळ्या बारीक काड्या, एकीला एक चिकटलेल्या. कांद्याची पेशी सुमारे पाव मिलिमीटर लांब आणि दह्यातला जिवाणू दोन-पाच मायक्रोमीटर, म्हणजे लांबीच्या मापाने ती त्याच्या पन्नास-शंभर पट भरते. विद्यार्थ्यांच्या मनात ‘लहान ती आदिकेंद्रकी, मोठी ती दृश्यकेंद्रकी’ असे समीकरण बसते ते इथेच. साधारणपणे ते चुकत नाही, परंतु ती व्याख्या होऊ शकत नाही. समुद्रात एक मायक्रोमीटरपेक्षाही लहान असे हिरवे शैवाल आहे आणि त्याला केंद्रक, तंतुकणिका, हरितलवक सर्व काही आहे. उलट २०२२ मध्ये कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावरच्या खारफुटीत सापडलेल्या एका जिवाणूची वर्णने प्रसिद्ध झाली; तो सुमारे एक सेंटीमीटर लांब असून नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

दह्यातल्या त्या काडीच्या आत शिरता आले असते तर काय दिसले असते? पूर्वी पाठ्यपुस्तके जिवाणूचे वर्णन ‘विकरांनी (एन्झाइमांनी) भरलेली पिशवी’ असे करीत आणि मीही तसेच शिकले. आता ते वर्णन मला अन्यायकारक वाटते. आमच्याकडच्या एकखणी कुडाच्या घरात आतल्या भिंती नसतात, परंतु चूल कुठे, पाण्याचा रांजण कुठे, धान्याची कणगी कुठे, झोपायचे कुठे हे सगळे ठरलेले असते. घरच्या माणसाला अंधारातही हात लावला की वस्तू सापडते. जिवाणूचे घर असेच एकखणी आहे. त्यात डीएनएला स्वतःची जागा असते, तिला केंद्रकाभ म्हणतात. पेशी नेमकी मधून दुभंगावी यासाठी प्रथिनांचे एक कडे मधोमध तयार होते, आणि त्या कड्याचे प्रथिन आपल्या पेशींतल्या सूक्ष्मनलिकांच्या प्रथिनाचे दूरचे नातलग आहे, हे १९९० नंतरच्या संशोधनात उघड झाले. व्यवस्था आहे, फक्त पटलाच्या भिंती नाहीत.

या भिंती नसण्याचा सर्वांत मोठा परिणाम, माझ्या मते, जनुकांच्या वाचनावर होतो, आणि तोच तक्त्यात कधी येत नाही. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूचे उदाहरण घेऊ. त्याची लांबी दोन मायक्रोमीटर. त्याच्या आतला वर्तुळाकार डीएनए सुमारे ४६ लाख अक्षरजोड्यांचा आणि उलगडला तर दीड मिलिमीटरहून अधिक लांब. पेशीच्या सातशे-आठशे पट लांबीचा हा धागा पिळावर पीळ घालून त्या एका खणात बसवलेला असतो. त्याच्यावरून संदेशवाहक आरएनएची प्रत निघू लागली की ती पूर्ण होण्याची वाट कोणी पाहत नाही; प्रतीचे पहिले टोक बाहेर आले रे आले की रायबोझोम त्यावर चढतो आणि प्रथिन विणायला सुरुवात करतो. एकीकडे नक्कल चालू, दुसरीकडे त्याच नकलेवरून काम चालू. त्यामुळे साखर मिळाली, तापमान बदलले, विष आले, तर जिवाणू काही मिनिटांत आपले वागणे बदलू शकतो.

या घाईचे आणखी एक उदाहरण मला फार आवडते. ई. कोलायला आपल्या संपूर्ण डीएनएची नक्कल करायला सुमारे ४० मिनिटे लागतात, आणि तरीही उत्तम अन्न मिळाले तर तो दर २० मिनिटांनी विभागतो. हे हिशेबात कसे बसते? पहिली नक्कल पूर्ण होण्याआधीच तो दुसरी सुरू करतो. म्हणजे विभागणी होते तेव्हा लेकीला मिळणाऱ्या डीएनएमध्ये नातीसाठीची नक्कल अर्धी झालेली असते. केंद्रकाची भिंत, गुणसूत्रांची मांडणी आणि समविभाजनाचे टप्पे सांभाळणाऱ्या पेशीला हे परवडत नाही. ती प्रत्येक विभाजनाआधी आपला डीएनए एकदाच आणि पूर्ण दुप्पट करते.

दृश्यकेंद्रकी पेशीत डीएनए दुहेरी पटलाच्या आड आहे आणि रायबोझोम त्या पटलाच्या बाहेर. मानवी पेशीत दोन मीटर लांबीचा डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळून काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात ठेवलेला असतो. त्यावरून निघालेली प्रत केंद्रकाच्या छिद्रांतून बाहेर जाईपर्यंत तिच्यावर काम करायला पेशीला उसंत मिळते, आणि ती उसंत फार मोलाची आहे. १९७७ मध्ये असे लक्षात आले की या पेशींच्या जनुकांत मध्येमध्ये निरर्थक वाटणारे तुकडे असतात. ते कापून उरलेले जोडल्यावरच संदेश वाचण्याजोगा होतो. हे तुकडे वेगवेगळ्या तऱ्हेने जोडून एकाच जनुकातून अनेक प्रथिने करता येतात. जिवाणूच्या घरात ही कापाकापी अशी निवांत चालू शकली नसती, कारण प्रत निघताच रायबोझोम तिच्यावर येऊन बसतो. केंद्रकाच्या पटलाला मी आता डब्याचे झाकण म्हणून शिकवत नाही. लिहिणे आणि वाचणे यांच्यामध्ये वेळ निर्माण करणारी भिंत म्हणून शिकवते.

ही भिंत किती खरी आहे याची साक्ष आमच्या पऱ्हाटीच्या प्रत्येक झाडात आहे. बीटी कपाशीतले बोंडअळीला मारणारे प्रथिन मुळात मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे. भारतात २००२ मध्ये या कपाशीला लागवडीची परवानगी मिळाली आणि विदर्भाच्या काळ्या मातीत ती घरोघरी पोहोचली. परंतु जिवाणूचे मूळ जनुक वनस्पतीत जसेच्या तसे घातले तेव्हा प्रथिन अगदीच नगण्य तयार होत होते. त्या जनुकाच्या भाषेत ए आणि टी ही अक्षरे फार, आणि त्यांच्या काही जुळण्या वनस्पतीच्या केंद्रकातली यंत्रणा ‘मजकूर इथे संपला’ किंवा ‘इथे कापा’ अशा खुणा समजून बसत होती. शास्त्रज्ञांनी प्रथिन तेच ठेवून जनुकाची अक्षरे बदलली, वनस्पतीच्या सवयीची केली, तेव्हा कुठे झाडाने ते नीट वाचले. गुलाबी बोंडअळी आता त्या प्रथिनाला दाद देत नाही, हे आमचे दुःख आहेच, आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे.

शेतीचा विषय निघाला म्हणून बाबांची गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या वावरातल्या सोयाबीनवर शेंगा करपा पडला. बाबा तालुक्याच्या एका दुकानातून कवकनाशकासोबत एक लहानशी पुडीही घेऊन आले. तीत स्ट्रेप्टोमायसीन होते. “दुकानदार म्हणाला, हे टाकलं की करपा जाते. तू पाहून सांग बाई,” असे म्हणून त्यांनी ती माझ्या हाती दिली. शेंगा करपा कवकामुळे होतो, आणि कवक तुमच्या-माझ्यासारखेच दृश्यकेंद्रकी आहे. स्ट्रेप्टोमायसीन हे औषध जिवाणूच्या ७० एस रायबोझोमच्या लहान भागाला, म्हणजे ३० एस तुकड्याला, चिकटते आणि प्रथिन विणण्यात चुका घडवून आणते. कवकाच्या पेशीद्रव्यातले रायबोझोम ८० एस प्रकारचे. त्यांच्यावर हे औषध धरत नाही. ज्या कपाशीच्या पानांवर शिरांनी अडवलेले, पाण्यात भिजल्यासारखे कोनाकार ठिपके पडतात तो करपा मात्र जिवाणूंचा, आणि तिथे या औषधाला काही अर्थ आहे. दोन्ही रोगांना आपण ‘करपा’ म्हणतो, पण दोन्हींचा कर्ता तक्त्याच्या दोन वेगळ्या रकान्यांत बसतो. बाबांनी पुडी परत केली. विनाकारण मातीत ओतलेले प्रतिजैविक तिथल्या जिवाणूंना प्रतिकार शिकवते आणि तो प्रतिकार पुढे दवाखान्यापर्यंत पोहोचतो, म्हणून ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते.

माणसाच्या औषधांचेही असेच आहे. पेनिसिलीन जिवाणूच्या पेशीभित्तिकेतील पेप्टिडोग्लायकनची वीण पूर्ण होऊ देत नाही. आपल्या पेशींना भित्तिकाच नाही, त्यामुळे आपल्याला त्याचा थेट उपद्रव नाही. वनस्पतींची भित्तिका सेल्युलोजची, कवकांची मुख्यतः कायटिन आणि ग्लुकन यांची. नायट्यावर औषध शोधणे जिवाणूंपेक्षा अवघड ठरते, याचे कारण नायट्याचे कवक पेशीच्या रचनेने आपले जवळचे आहे आणि आपल्याला न दुखवता मारता येईल असा फरक त्याच्यात शोधावा लागतो. अशी बरीच औषधे त्याच्या पटलातल्या अर्गोस्टेरॉलवर नेम धरतात, कारण तिथे आपल्याकडे कोलेस्टेरॉल आहे.

इथवर तक्ता शाबूत राहतो. उलट त्याला बळच मिळते. तो मोडायला लागतो तो तंतुकणिकेपाशी.

तंतुकणिकेला दोन पटले असतात. तिच्या आत स्वतःचा वर्तुळाकार डीएनए असतो. माणसात तो १६,५६९ अक्षरजोड्यांचा आणि ३७ जनुकांचा आहे. तिला स्वतःचे रायबोझोम असतात, आणि त्यांची जातकुळी जिवाणूंच्या रायबोझोमची आहे. ती नव्याने तयार होत नाही, आधीच्या तंतुकणिकेच्या विभागणीतूनच येते. हरितलवकाचेही तेच. रशियन शास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्की यांनी १९०५ मध्ये हरितलवके ही एके काळची स्वतंत्र पेशी असावीत असे सुचवले होते. १९६७ मध्ये अमेरिकन जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी तंतुकणिकांसह हा विचार नव्याने आणि सविस्तर मांडला, आणि पुढच्या दशकात रायबोझोमच्या आरएनएची तुलना झाल्यावर तो मान्य करावा लागला. म्हणजे उजव्या रकान्यातल्या पेशीच्या पोटात डाव्या रकान्यातली पेशी शेकडोंच्या संख्येने नांदते आहे. आपण फळ्यावर ओढलेली रेघ प्रत्येक कांद्यातून आणि प्रत्येक माणसातून जाते.

हे केवळ तर्काचे नाही, याचे पुरावे दवाखान्यातही मिळतात. क्षयावर पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या स्ट्रेप्टोमायसीनच्या इंजेक्शनांनी काहींची श्रवणशक्ती जाते, हे जुने निरीक्षण आहे. काही कुटुंबांत अगदी थोड्या मात्रेनेही असे होते, आणि त्याचे कारण आईकडून आलेल्या तंतुकणिकेच्या डीएनएत सापडले: तिथल्या १५५५ व्या जागी एका अक्षराचा बदल झाला की तंतुकणिकेचा रायबोझोम जिवाणूच्या रायबोझोमसारखा अधिकच होतो, आणि औषध कानाच्या पेशींतल्या तंतुकणिकांना जिवाणू समजून धरते. दुसरे उदाहरण आमच्या शेजारच्या गडचिरोलीच्या जंगलपट्ट्याचे, जिथे हिवतापाची धास्ती आजही आहे. हिवतापाचा परजीवी दृश्यकेंद्रकी आहे, तरीही डॉक्सिसायक्लीन हे जिवाणूंवरचे औषध त्याच्यावर चालते. या परजीवीच्या पेशीत हरितलवकाचा एक रंगहीन अवशेष आहे. त्याने प्रकाशसंश्लेषण कधीच सोडले, पण त्याचे रायबोझोम अजून जिवाणूंच्या धाटणीचे आहेत. औषध त्या अवशेषाला निकामी करते आणि परजीवीची पुढची पिढी मरते. औषध सावकाश काम करते त्याचे कारणही हेच.

एक पेशी दुसरीच्या पोटात कशी राहू शकते, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी त्यांना सोयाबीनचे झाड उपटून आणायला सांगते. मुळांवरच्या गाठींपैकी एक नखाने फोडली की आतून गुलाबी निघते. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा. पेरणीआधी बियाण्याला चोळलेले रायझोबियम हे जिवाणूखत मूलरोमातून आत शिरते, वनस्पतीच्या पेशीत पोहोचते आणि वनस्पती आपल्याच पटलाचे आवरण त्याच्याभोवती घालून त्याला ठेवून घेते. नत्र स्थिर करणारे विकर ऑक्सिजनने निकामी होते, म्हणून लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवते आणि मोजूनमापून सोडते. केंद्रक असलेल्या पेशीच्या पोटात केंद्रक नसलेली पेशी, दोघींच्या मध्ये एक पटल, आणि दोघींमध्ये साखर आणि नत्राची देवाणघेवाण. सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी जे एकदा घडले त्याच्याशी मिळतेजुळते काहीतरी दरवर्षी मृगानंतर आमच्या वावरात घडते. हीच देवाणघेवाण पुढे किती टोकाला जाऊ शकते हेही २०२४ मध्ये समोर आले: एका सागरी शैवालाच्या आत राहणारा नत्र स्थिर करणारा जिवाणू आता जिवाणू उरलेला नाही, शैवालाकडून प्रथिने आयात करणारे आणि त्याच्याबरोबरच विभागणारे ते अंगक झाले आहे, असे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

मग तंतुकणिका ज्या घरात पाहुणी म्हणून आली ते घर कोणाचे होते? याचे उत्तर शोधताना मला लोणारचे सरोवर आठवते. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या या खाऱ्या, अतिशय अल्कधर्मी सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून त्याचे कारण सांगितले ते आर्किया नावाचे मीठप्रिय सूक्ष्मजीव. आर्कियांना केंद्रक नाही, अंगके नाहीत, तक्त्याप्रमाणे ते सरळ डाव्या रकान्यात जातात आणि दिसतातही जिवाणूंसारखे. परंतु १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोझोमच्या आरएनएची तुलना करून ते जिवाणूंपासून पूर्ण वेगळे कूळ असल्याचे दाखवले. त्यांच्या पटलातील मेदांची बांधणी निराळी आहे, भित्तिकेत पेप्टिडोग्लायकन नाही, आणि डीएनएची प्रत काढणारे त्यांचे विकर जिवाणूंपेक्षा आपल्या विकराला जवळचे आहे. अनेक आर्कियांत हिस्टोनही सापडतात. २०१५ मध्ये उत्तर अटलांटिकच्या तळाच्या गाळात अशा आर्कियांची जनुके मिळाली ज्यांत पेशीचा सांगाडा आणि पटलाची हालचाल यांच्याशी संबंधित, पूर्वी केवळ दृश्यकेंद्रकींचीच समजली जाणारी जनुके होती. तंतुकणिकेचा पूर्वज ज्या पेशीत शिरला ती अशाच एका आर्कियाची असावी, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

त्यामुळे यंदा मी फळ्यावरची रेघ पुसली आणि डावीकडे दोन नावे लिहिली, जिवाणू आणि आर्किया, आणि त्या दोघांपासून निघालेल्या रेषा उजवीकडे एका पेशीत मिळवल्या. आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, लयकारिका, सूक्ष्मनलिका हे सगळे त्यानंतर सांगितले आणि भरभर सांगितले, कारण त्या सगळ्या एकत्र नांदणाऱ्या त्या घराच्या खोल्या आहेत. परीक्षेसाठी तक्ताही दिला, कारण तो लागतोच.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी घरच्या सोयाबीनचे मूळ कागदात गुंडाळून घेऊन आली. आम्ही गाठीची पातळ चकती कापली, काचपट्टीवर दाबली, मिथिलीन ब्लू लावले आणि ४५० पटीखाली ठेवली. मोठमोठ्या पेशी निळ्या ठिपक्यांनी खच्चून भरलेल्या दिसल्या. बराच वेळ पाहून झाल्यावर तिने विचारले, “या ठिपक्यांना आता पेशी म्हणायचे की अंगक?” मी म्हणाले, सोयाबीनमध्ये तरी पेशीच म्हणायचे, कारण त्यांची सर्व जनुके त्यांच्याजवळ आहेत, आणि झाड वाळून गाठ कुजली की त्यांतले काही पुन्हा मातीत जाऊन स्वतःच्या बळावर जगू लागतात. तिने वहीत ठिपके काढले, आणि त्यांच्याभोवती पटलाची रेघ काढताना ती मध्येमध्ये तुटक ठेवली.